अडचण समजावू नका, काढून टाका

जँगो शिकायला बसलेली मुलं कोडमध्ये अडकण्याआधीच अडकतात. लॅबमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. 2005 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या एका दैनिकाच्या वेब विभागातून खुलं झालेलं, वेबसाइट बनवण्याचं हे फ्रेमवर्क उत्तम डॉक्युमेंटेशनसाठी नावाजलं जातं. तरीही त्याच्या ट्युटोरियलमधल्या एका जागी मुलं हमखास अडत.

प्रोजेक्ट तयार करायची कमांड दिली की ‘मायसाइट’ नावाचं फोल्डर बने आणि त्याच्या आत पुन्हा त्याच नावाचं दुसरं. सर्व्हर सुरू करायला लागणारी मॅनेज डॉट पीवाय ही फाइल बाहेरच्या फोल्डरात. मुलं आतल्यात शिरत, तिथून कमांड देत आणि फाइल सापडत नाही असा एरर येई. पानावर चुकीचं काहीच नव्हतं. कोणतं फोल्डर कशासाठी, हेही लिहिलेलं होतं. पण हात कीबोर्डवर असताना माणूस खुलासे वाचत नाही, पुढची कमांड शोधतो. एक मुलगी मला म्हणाली, “सर, मला प्रोग्रामिंग जमणार नाही.” तिनं तोवर प्रोग्रामिंग केलंच नव्हतं!

अशा वेळी आपण एक ‘टीप’ वाढवतो. पान लांबतं, अडचण तशीच राहते. जँगोच्या अलीकडच्या ट्युटोरियलमध्ये बाहेरच्या फोल्डरला ‘जँगोट्युटोरियल’ असं वेगळंच नाव दिलंय. माझ्या मते खरी दुरुस्ती ती हीच.

आवृत्तीमुळेही नवखे असेच अडतात. 2017 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीत वेब पत्ते कोडशी जोडण्यासाठी ‘पाथ’ फंक्शन आलं, 4.0 मध्ये जुनं ‘यूआरएल’ फंक्शन काढूनच टाकलं. जुना लेख समोर ठेवून शिकणाऱ्याचा प्रोग्राम आता इम्पोर्टच्या ओळीवरच कोसळतो. म्हणून पान कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि आपल्याकडची आवृत्ती कशी तपासायची, हे अगदी वर लिहा. मूळ ट्युटोरियल तेच करतं. आणि एखादं काम किरकोळ भासवू नका. जँगोच्या लेखन-नियमांतही तशी स्पष्ट सूचना आहे. ‘किरकोळ’ काम जमलं नाही की नवखा स्वतःलाच दोष देतो.

पान तपासायचं तर एका नवख्याला त्याच्याच लॅपटॉपवर बसवा. विंडोज असेल तर उत्तमच, कारण लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण ती वापरत नाहीत. तुम्ही बोलू नका, माउसला हात लावू नका. त्याचा हात जिथे थांबेल ती ओळ टिपून घ्या. न राहवून तुम्ही तोंडी सांगितलंत, तर ते वाक्य पानात नाही, एवढंच त्यातून कळतं.

नुकतेच शिकलेल्यांना माझी विनंती आहे. जँगोचं डॉक्युमेंटेशन कोडबरोबरच, ‘डॉक्स’ नावाच्या फोल्डरात साध्या मजकुराच्या रूपात असतं आणि त्यात कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. तुम्ही कुठे अडलात ते आजच लिहून ठेवा आणि पाठवा. काही महिन्यांनी ती जागा तुम्हालाही दिसणार नाही.