शिवनेरीची सहल

आमच्या रात्रीच्या वर्गाने यंदा शिवनेरी पाहिला. शिवजयंतीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. दौंडकडची मंडळी चौफुल्यावरून शिरूरला आली. तेथून सगळे मिळून मंचर, नारायणगाव करीत जुन्नरला पोचलो.

गडाला वाट चांगली आहे. पायऱ्या आहेत. दोन्ही अंगांना झाडे आणि फुलांचा बगीचा आहे. वाटेत एकामागून एक सात दरवाजे लागतात. शत्रूने एक फोडला तरी पुढे दुसरा उभाच! एक म्हातारे बाबा तिसऱ्या दरवाजाशी दमून बसले. आम्हीही त्यांच्याजवळ टेकलो. खरे सांगायचे तर दम आम्हालाही लागला होता.

पाचव्या दरवाजापुढे उजव्या हाताला शिवाई देवीचे देऊळ आहे. महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा, याच गडावरचा. देवीवरून त्यांचे नाव शिवाजी ठेवले, असे सांगतात. बायांनी ओटी भरली. एका मावशींनी देवळावरची अक्षरे बोट धरून वाचली, "शि-वा-ई." मग मागे वळून म्हणाल्या, "गुरुजी, मी याआधी दोनदा आले हो, पण हे कधी दिसलंच नव्हतं."

वर पाण्याची टाकी आहेत. गंगा-जमुना नावाच्या टाक्यांना बाराही महिने पाणी असते. काळा पाषाण छिन्नी-हातोड्याने खोदून ही टाकी केली. गडावर नदी नाही. पावसाचे पाणी अडवायचे, साठवायचे आणि वर्षभर पुरवायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसे त्या टाक्यांपाशी बराच वेळ गप्प उभी होती. एकाने विचारले, "इतक्या उंचावर जमलं, मग आपल्या माळावर का नाही?" त्यावर परतीच्या वाटेत पुष्कळ बोलणे झाले.

धान्याचे कोठार, म्हणजे अंबरखाना, आता पडके आहे. फ्रायर नावाचा एक इंग्रज वैद्य 1673 साली गडावर आला होता. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी शिधासामग्री येथे आहे, असे त्याने लिहून ठेवले.

तेथेच एक प्रसंग घडला. आमच्यातला एक गडी नुकताच सही करायला शिकला आहे. त्याने कोळसा उचलला आणि भिंतीवर नाव लिहू लागला. पहिले अक्षर झालेही होते. आम्ही त्याचा हात धरला. भिंतीवर आधीच शेकडो नावे होती. ती सगळी शाळा शिकलेल्यांचीच! पुरातन वास्तू खराब करणे हा 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे. 2025 साली युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत शिवनेरीही आहे. हे सारे त्याला सांगितले. तो ओशाळला. म्हणाला, "गुरुजी, नाव कुठंतरी लिहावंसं वाटलं."

आम्हाला वाईट वाटले. त्याची हौस खोटी नव्हती. आम्ही वही काढून दिली. त्याने आधी धोतराच्या सोग्याने भिंतीवरचे अक्षर पुसले. मग खाली बसून वहीत लिहिले: नाव, गाव, तारीख आणि शेवटी 'शिवनेरी'. 'शिवनेरी'तली वेलांटी मात्र चुकली. ती त्यानेच खोडून पुन्हा काढली.