न बांधलेल्या वास्तूचे दर्शन

वास्तू बांधून घेणारा आणि वास्तूची रचना करणारा यांची दृष्टी सारखी नसते. वास्तुविशारदाला तलनकाशातील दोन समांतर रेषांमध्ये भिंत दिसते, भिंतीतील खंडात दार दिसते आणि त्या दारातून आत येणारा उजेडही दिसतो. बांधून घेणाऱ्याला मात्र तेथे केवळ रेषा दिसतात. तरीही पुष्कळदा तो संकोचाने मान डोलावतो आणि ही संमती पुढे महाग पडते. कागदावरील रेष खोडता येते. उभी राहिलेली भिंत पाडावी लागते. म्हणून भावी वास्तूचे चित्र ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. दोन पक्षांमधील कराराचा तो एक आधार होय.

संगणकामुळे अशी चित्रे करणे अतिशय सुलभ झाले आहे, आणि त्याच कारणाने त्यांची निवड अवघड झाली आहे. काय दाखवावे, कोणत्या शैलीत दाखवावे आणि कोणत्या साधनाने दाखवावे, या तीन प्रश्नांचा याच क्रमाने आपण विचार करू. उदाहरणासाठी तमिळनाडूतील कुंभकोणम्‌जवळचे दारासुरम् हे गाव घेतले आहे. तेथील प्राचीन मंदिर आणि त्याच्या परिसरातील आजचे बांधकाम या दोहोंतून हा विषय स्पष्ट होतो.

१. कारागिराचे रेखाटन आणि यजमानाचे चित्र

भारतीय शिल्पग्रंथांत वास्तू निर्माण करणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपतीने संकल्पना करावयाची, सूत्रग्राहीने मापे धरावयाची आणि इतरांनी त्यांनुसार घडण व जोडणी करावयाची. ज्याच्यासाठी हे सारे चालते तो यजमान या चौघांपासून वेगळा असतो. मापाचे रेखाटन लागते ते या चौघांना. मध्य प्रदेशातील भोजपूर येथे अकराव्या शतकातील अपूर्ण शिवमंदिराभोवतीच्या खडकांवर स्तंभ, शिखर आणि तलविन्यास यांची रेखाटने कोरलेली आहेत. पाथरवटाला ती उपयोगी आहेत. पण त्यांवरून संपूर्ण मंदिर डोळ्यांपुढे आणणे सामान्य माणसाला कठीण आहे.

दारासुरम्‌चे ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसरा राजराज चोळ याच्या काळी बांधले गेले. २००४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. त्याचे विमान सुमारे २४ मीटर उंच आहे. या विमानाच्या प्रत्येक तलावर लहान लहान देवळांच्या आकृतींची रांग आहे; चौकोनी छपराची कूटे आणि लांबट छपराच्या शाला तिच्यात आहेत. म्हणजे वास्तूच्या अंगावर वास्तूचीच लघुरूपे आहेत. पुढील मंडपाला तर रथाचे रूप दिले असून त्याला दगडी चाके व धावते घोडे आहेत. ज्या प्रदेशात देवाचे रथ रस्त्यांतून ओढले जातात, तेथील माणसाला ‘मंडप रथासारखा आहे’ एवढे सांगितले तरी पुरते.

यातून एक तत्त्व हाती लागते. अपरिचित वस्तू परिचित वस्तूच्या आधारे दाखवावी. आजचा यजमान ‘३.६ मीटर रुंद खोली’ या शब्दांनी काही जाणत नाही. त्याच्या सध्याच्या खोलीशेजारी त्याच मापाच्या प्रमाणात नवी खोली काढून दाखवली की तो जाणतो. इंग्लंडमधील उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) हेच करीत असे. जागेचे मूळ रूप दाखवणारी एक कागदी पट्टी तो चित्रावर बसवी. ती उचलली की खाली नियोजित रूप दिसे. जुने आणि नवे एकाच स्थानावरून पाहिल्यामुळे मालकाला बदल नेमका कळे.

२. आधी प्रश्न, मग चित्र

चित्र काढण्यापूर्वी यजमानाला कोणता निर्णय घ्यावयाचा आहे हे ठरवावे. समजा, दारासुरम्‌च्या मंदिरापासून काही अंतरावर एका गृहस्थाला यात्रेकरूंसाठी तीन मजली निवास बांधावयाचा आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीनेच करता येते. या गृहस्थाची जागा दुसऱ्या पट्ट्यात आहे. तेव्हा त्याचा पहिला प्रश्न रंगाचा वा खिडक्यांचा नाही. ‘मंदिराच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाला माझी इमारत दिसेल काय?’ हा आहे.

याचे उत्तर रंगीत चित्रापेक्षा साधे छेददर्शन अधिक खात्रीने देते. समजा, आवाराची भिंत ४.६ मीटर उंच असून पाहणारा तिच्यापासून ३० मीटर आत उभा आहे आणि त्याचे डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर आहेत. डोळ्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंतची रेषा ३० मीटरांत ३ मीटर चढते. इमारत भिंतीपलीकडे १८० मीटरवर असेल, तर तेथे पोहोचेपर्यंत ही रेषा २२.६ मीटर उंचीवर गेलेली असते. १०.५ मीटर उंचीची इमारत अर्थातच झाकली जाते.

आता तोच माणूस १.८ मीटर उंच जोत्यावर चढला असे धरू. त्याचे डोळे ३.४ मीटरवर येतात आणि दृष्टिरेषा इमारतीपाशी फक्त ११.८ मीटरवर राहते. इमारत अजूनही दिसत नाही; परंतु गच्चीवर २.५ मीटर उंचीची पाण्याची टाकी ठेवली असेल, तर एकूण उंची १३ मीटर होते आणि टाकीचा वरचा १.२ मीटर भाग भिंतीवर डोकावतो. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. पण टाकी कोठे ठेवावी हा खर्चाचा आणि परवानगीचा प्रश्न चार रेषांच्या आकृतीने कसा उघड केला, हे वाचकाच्या ध्यानी येईल. सुंदर रंगीत चित्रात ती टाकी बहुधा काढलेलीच नसते.

३. शैलीची निवड

दाखवण्याच्या शैली स्थूलमानाने तीन आहेत.

पहिली, मोकळ्या रेषांची. हाताने किंवा हाताच्या रेषेसारख्या दिसणाऱ्या पद्धतीने काढलेले चित्र ‘हे अजून ठरलेले नाही’ असे आपोआप सांगते. यजमान निःसंकोचपणे बदल सुचवतो. आरंभीच्या बैठकींसाठी हीच शैली योग्य होय.

दुसरी, एकरंगी प्रतिकृतीची. पुठ्ठ्याची किंवा संगणकातील पांढरी प्रतिकृती आकार, उंची आणि छाया एवढेच दाखवते. शेजारच्या घरांशी नव्या इमारतीचे नाते ठरवताना तिचा उपयोग होतो.

तिसरी, छायाचित्रासारखी. फरशीची चमक, लाकडाच्या रेषा, झाडांची पाने सारे तिच्यात येते. साहित्य व रंग ठरवण्याच्या वेळी ती उपयुक्त आहे. त्यापूर्वी ती घातक ठरते. जिन्याची जागा अनिश्चित असताना यजमान पडद्यांच्या रंगावर चर्चा करू लागतो, आणि चित्र पूर्ण दिसत असल्यामुळे रचनाही पूर्ण झाली आहे असे समजतो.

या तिसऱ्या शैलीत दोन फसव्या जागा असतात. एक दृष्टिकोनाच्या रुंदीची. यथादर्शन चित्र ज्या कोनातून काढले असेल, त्यानुसार ते पाहण्याचे योग्य अंतर ठरते. ९० अंशांचा कोन घेऊन काढलेले ३० सेंटिमीटर रुंद चित्र वास्तविक १५ सेंटिमीटरवरून पाहावयास हवे. तसे कोणीही पाहत नाही. हातभर अंतरावरून ती खोली आहे त्याहून मोठी भासते. कोन ४० अंश घेतला तर योग्य अंतर सुमारे ४१ सेंटिमीटर येते, आणि चित्र व वास्तव यांत मेळ बसतो. लहान खोलीचे चित्र मोठ्या कोनातून काढावे लागले, तर यजमानाला तसे सांगणे हे वास्तुविशारदाचे कर्तव्य आहे.

दुसरी जागा उजेडाची. परदेशी चित्रांतील तिरपा कोवळा प्रकाश दाक्षिणात्य दुपारचा नव्हे. दारासुरम् सुमारे ११ उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला भर माध्यान्ही तेथे सूर्य खस्वस्तिकाच्या उत्तरेस सुमारे १२.५ अंश असतो, म्हणजे ऊन उत्तरेच्या भिंतीवर येते. २१ डिसेंबरला तो दक्षिणेस सुमारे ५५.५ अंश उंचीवर असतो, आणि दक्षिण भिंतीवरील ६० सेंटिमीटर छज्जाची सावली जेमतेम ८७ सेंटिमीटर खाली उतरते. खिडकी त्याहून उंच असेल तर तिचा खालचा भाग उन्हात राहील. शिवाय या भागात परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. स्थळ, दिनांक आणि वेळ सांगितल्यास संगणक सूर्य यथास्थान ठेवतो. ओली भिंत दाखवण्याचे मात्र चित्रकारालाच सुचावे लागते.

४. साधनाची निवड

साधन सर्वांत शेवटी निवडावे. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडने मापाची रेखाटने वैयक्तिक संगणकावर आणली. ती आजही मुख्यतः बांधणाऱ्यांच्या उपयोगाची आहेत. २००० साली आलेल्या स्केचअपमध्ये घनाकृती झटपट उभ्या करता येतात. यजमानासमोर बसून भिंत सरकवून दाखवण्यास ते सोयीचे आहे. रेव्हिटसारख्या प्रणालीत भिंत ही केवळ रेष राहत नाही, तर जाडी व साहित्य असलेली वस्तू असते. त्यामुळे एका ठिकाणी केलेला बदल तलनकाशा, छेद आणि मोजमापांचे तक्ते या सर्वांत आपोआप उतरतो. लुमियन किंवा एन्स्केपसारख्या साधनांनी यजमानाला भावी इमारतीतून हिंडवता येते. ब्लेंडर मुक्त आणि विनामूल्य आहे. त्याची किंमत शिकण्याच्या वेळात मोजावी लागते.

निवडीच्या वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. बदल किती लवकर करता येतो? यजमानाच्या साध्या फोनवर ते चित्र उघडते काय? आणि काही वर्षांनी वाढीव बांधकाम करताना ती फाईल वाचता येईल काय? लहान गावातील लहान कामासाठी मापाचे छेददर्शन, पुठ्ठ्याची प्रतिकृती आणि एखादे प्रामाणिक यथादर्शन पुष्कळदा पुरेसे होते.

सारांश, उत्तम चित्र म्हणजे सर्वांत मोहक चित्र नव्हे, तर यजमानाला त्या क्षणी जो निर्णय घ्यावयाचा आहे तो समजून घेऊ देणारे चित्र. प्रत्येक चित्रावर दिनांक, पाहणाऱ्याचे स्थान आणि काय ठरले, काय ठरावयाचे आहे याची नोंद असावी. अशा चित्रावर दिलेली संमती ही खरी संमती होय; आणि पुढे वाद उद्भवलाच, तर दोन्ही पक्षांना बोट ठेवण्यास एक निश्चित जागा राहते.