पियानो शिकवून घर चालेल का?

वेरूळ किंवा खुलताबादच्या घरात मुलगी म्हणाली, ‘मला पियानो शिकवायचा आहे’, तर आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्यावर घर चालेल का? माझं उत्तर स्पष्ट आहे. नुसत्या पियानोवर वेरुळात राहून चालणार नाही. पण पियानो, कीबोर्ड आणि पेटी ही तिन्ही शिकवता आली आणि तीसेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात आठवड्यातले काही दिवस वर्ग घेतले, तर चालू शकतं.

पेटी मुद्दाम म्हणतो आहे. गावातल्या बहुतेक मुलांची बोटं पहिल्यांदा पट्ट्यांवर पडतात ती भजनी मंडळाच्या पेटीवरच. ज्यांची पेटी भीमसेन जोशींसारख्या गायकांच्या साथीला असे, ते पं. अप्पा जळगावकर आपल्या शेजारच्या जालन्याचेच. ही पुंजी हलकी समजू नका. मात्र पेटी येते म्हणून पियानो आपोआप येत नाही. पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असतो. पियानोवर त्याला उजव्याइतकंच काम असतं, आणि वर्षानुवर्षं पेटी वाजवलेल्यांनाही इथेच सर्वांत जास्त घाम फुटतो. पेटीची पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही, तो भात्यावर ठरतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते आणि बोटाच्या वेगानुसार स्वर नाजूक किंवा दणदणीत येतो. शिवाय पेटीवाला गायकाला आधी विचारतो, ‘पट्टी कुठली? काळी एक की पांढरी चार?’ आणि सा तिथे नेतो. पाश्चात्त्य स्वरलिपीत कागदावरच्या प्रत्येक ठिपक्याची पट्टी पक्की असते. या दोन्ही रीती समजून मराठीत समजावणारा शिक्षक आपल्याकडच्या पालकांना हवा आहे.

वाद्य घेताना घाई नको. जुना तारांचा पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, सूर उतरतात, आणि सूर लावणारा कारागीर गावोगावी मिळत नाही. ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड सुरुवातीला पुरतो. पण ज्याच्या पट्ट्यांना बोटाचा जोर कळत नाही, त्यावर पियानोचा हात बसत नाही. पुढे ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो लागतोच. तो खर्च कॉलेजच्या फीसारखा शिक्षणाचाच धरा.

परीक्षांचे मार्ग दोन आहेत. पियानोसाठी लंडनच्या एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या संस्थांच्या परीक्षा भारतात देता येतात. प्राथमिक पायरीनंतर पहिली ते आठवी ग्रेड, आणि त्यापुढे पदविका. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडच्या आधी सहसा पाचव्या ग्रेडची थिअरी पास व्हावी लागते. मुलं ती टाळतात आणि मग अडकतात. या परीक्षांना आता वादनाचं चित्रीकरण करून पाठवण्याचा पर्यायही आहे, त्यामुळे वेरूळच्या मुलाला मुंबई गाठलीच पाहिजे असं राहिलेलं नाही. पेटीसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची वाट आहे. दहावीला संगीताचे वाढीव गुण मिळतात तेही अशाच शास्त्रीय संगीताच्या परीक्षांवर.

नोकरीचा विचार असेल तर एक गोष्ट आताच ओळखा: आठवी ग्रेड ही पदवी नव्हे. केंद्रीय विद्यालयात प्राथमिकच्या संगीत शिक्षकासाठी बारावीसोबत संगीतातली पदवी किंवा तिच्या समकक्ष पात्रता मागतात. नवोदय विद्यालयांतही संगीत शिक्षकाचं पद असतं, आणि आपल्या जिल्ह्याचं नवोदय जवळ कन्नडलाच आहे. जागा थोड्या निघतात, पण संगीतातली ठरलेली पात्रता नसेल तर अर्जच करता येत नाही. पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र हा संगीताच्या पदवीसाठी विचारात घ्यावा असा एक पर्याय.

आता पैशांचं. समजा महिन्याला दीड हजार फी आणि वीस विद्यार्थी, म्हणजे तीस हजार. पण वार्षिक परीक्षा आणि मे महिना यांत मुलं गळतात, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरा. सरासरी पंचवीस हजारांवर येते, त्यातून प्रवास आणि वर्गाचं भाडं वजा. वेळेचं गणित त्याहून कडक आहे. शाळकरी मुलं साडेचार ते साडेआठ या वेळातच येतात. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास दिला, तर वीस विद्यार्थ्यांतच पाच संध्याकाळी भरून जातात. उत्पन्न वाढवायचं तर सकाळ कामाला लावावी लागते.

ही सकाळ भरतात ती मोठी माणसं. निवृत्त शिक्षक, मुलं शाळेत गेल्यावर मोकळ्या झालेल्या गृहिणी, दुकान उशिरा उघडणारे. लहानपणी राहून गेलेलं शिकायचं म्हणून ती येतात आणि मनापासून सराव करतात. त्यांना पहिल्या महिन्यात ओळखीचं एखादं गाणं वाजलं पाहिजे, म्हणून डाव्या हाताला दोन-तीन सोपे कॉर्ड देऊन सुरुवात करावी. साठीतल्या बोटांचा ताठपणा हा त्यांचा दोष नाही, त्यावर कधीही बोलू नये. सहा-सात वर्षांच्या मुलाचं सगळंच वेगळं. स्टुलाची उंची कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल अशी, पायाखाली पाट, दर पाच-सात मिनिटांनी नवं काम, आणि त्याला रोज दहा मिनिटं सरावाला बसवण्याची आईला विनंती. उत्तम वाजवणाऱ्याला हे येतंच असं नाही. म्हणून ग्रेडचा अभ्यास चालू असतानाच एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागे बसून वर्षभर पाहा आणि नवख्या मुलांना त्यांच्या देखरेखीखाली शिकवा.

पालकांना एक सांगणं. मूल दहावीत असेल तर आज शिक्षक होण्याचा निर्णय घेऊ नका आणि नकारही देऊ नका. शाळा चालू ठेवून कीबोर्ड आणि पेटी सुरू करा आणि दोन वर्षं पाहा. कुणी न सांगता मूल सरावाला बसतं का आणि धाकट्या भावंडाला न चिडता शिकवतं का, या दोन्हींचं उत्तर हो असेल, तर बारावीनंतर संगीताच्या पदवीचा फॉर्म भरायला तुम्ही स्वतः त्याच्यासोबत जा.