ग्राइंडर लावण्याआधी

गोरेगावच्या वालभट रोडवरच्या आमच्या गाळ्यात अधूनमधून तरुण मुलं येतात. कुणाच्या आजोबांची प्रीमिअर पद्मिनी सोसायटीच्या आवारात उभी असते, कुणी भंगारातली ओम्नी हेरून ठेवलेली असते, आणि मोबाइलमध्ये इंग्लंडमधल्या कुण्या माणसाने घरच्या गॅरेजात बांधलेल्या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्‌सकारचे फोटो असतात. प्रश्न ठरलेला: काका, आपल्याला जमेल का? बांधायला जमेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. गोरेगावात तर नक्कीच जमेल. लेथ, मिलिंग, पावडर कोटिंग सगळं पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि फिल्मसिटीमुळे फायबरचा साचा करणारे कसलेले हातही इथेच सापडतात. मग मी उलट विचारतो, बांधून झाल्यावर ही गाडी धावणार कुठे? त्यावर बहुतेक जण गप्प होतात. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

या सगळ्या वेडाचं मूळ लोटस सेव्हनमध्ये आहे. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली ही गाडी बाजारात आणली. चौकोनी नळ्यांचा हलका सांगाडा, वर पातळ पत्रा, दोन माणसांपुरती जागा. सुट्या भागांत विकली तर ब्रिटनमध्ये तयार गाडीवरचा खरेदीकर लागत नसे, म्हणून अनेकांनी ती सुटी घेतली आणि घरी जोडली. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने कमी पैशांत अशी गाडी कशी बांधायची याचं पुस्तक लिहिलं आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा धुरा काढून लोक घरोघरी सांगाडे जोडू लागले. ज्या गाडीचे अवयव काढायचे ती डोनर. आपल्याकडेही हे लोण आलं. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने सेव्हनच्या वळणाची फायबरची रोडस्टर बनवली. तिच्यात १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं, तेच जे अँबेसेडर आणि काँटेसात बसायचं. गोव्यात १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म निघाली, तिचीही बॉडी फायबरची आणि इंजिन रेनॉचं. मांडव्याहून अलिबागला जाताना मी चिंकाराची गाडी पाहिली आणि ती मनात घर करून बसली.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं. डाय आणि फिक्श्चर करणाऱ्या माणसाला सांगाड्याचं भय वाटत नाही. जवाहरनगरमधली एक पद्मिनी मिळाली, १०८९ सीसीचं इंजिन ठणठणीत, खालचा पत्रा मात्र पार कुजलेला. शहराबाहेरच्या एका वर्कशॉपकडून वेल्ड केलेला सांगाडा, फायबरचं नाक आणि चार मडगार्ड घेतले. पासिंगचं काय, असं विचारल्यावर मालक म्हणाला, "डोनरची आरसी आहे ना तुमच्याकडे? तिचाच नंबर चालवायचा. सगळे तेच करतात." पावतीवर मात्र त्याने फक्त ‘फायबर पार्ट’ एवढंच लिहिलं.

इथे थांबून नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ याच एका वाक्यातून निघतो.

आरसी ही कागदावरची गोष्ट दिसली तरी ती लोखंडावर कोरलेल्या नंबराला बांधलेली असते. परदेशात जुन्या फोक्सवॅगन बीटलवर पोर्शे स्पीडस्टरची नक्कल बसवतात, तेव्हा बीटलचा खालचा तळच वापरतात. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी नंबर असलेला भाग शाबूत असतो. जीपचंही तसंच, तिला खाली वेगळी शिडीसारखी चासी असते. पद्मिनी, अँबेसेडर, मारुती ८०० या गाड्यांना मात्र वेगळी चासी नाहीच. पत्र्याचं खोकं हीच चासी. ते खोकं कापलं की गाडी कायद्याच्या दृष्टीने संपली. उरलं ते इंजिन, धुरा आणि स्टिअरिंग, म्हणजे सुटे भाग. मग नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून नव्या सांगाड्यावर वेल्ड करा, असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. चोरीच्या गाड्या खपवणारे नेमकं हेच करतात आणि पोलिसांच्या नजरेत तुम्ही आणि ते एकाच रांगेत उभे राहता.

कायदाही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने जे मूळ वर्णन दिलं आणि आरसीवर जे लिहिलं, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नवी गाडी म्हणून नोंदवायची म्हटली तर फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्याला लायक असल्याचा दाखला लागतो, आणि हे उत्पादक किंवा त्याच्या विक्रेत्याकडून येतात. उत्पादकाला आपला नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये एकट्याने बांधलेली एकच गाडी तपासून पास करण्याची सरकारी चाचणी आहे. आपल्याकडची वाट कंपनीसाठी आखलेली आहे, गाळ्यात गाडी बांधणाऱ्या हौशी माणसासाठी नाही. आरटीओतले अधिकारी माझ्याशी चांगलं बोलले, फोटो कौतुकाने पाहिले आणि स्पष्ट सांगितलं की ही नोंदवता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं.

ज्यांना वाटतं की चिकाटीने काहीतरी मार्ग निघतोच, त्यांनी देवराष्ट्रेचं उदाहरण आठवावं. सांगली जिल्ह्यातलं हे गाव, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बांधली, खर्च साधारण ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण त्याच वेळी हेही म्हटलं की नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळालीही. देशातल्या सर्वांत मोठ्या गाडी उत्पादकांपैकी एकाला त्या गाडीविषयी इतकी आपुलकी होती, तरी तिला रस्त्यावर आणायचा मार्ग त्यालाही दाखवता आला नाही. लोहारांच्या हाताला माझा सलाम आहे. पण तुमच्या-माझ्या दारात बोलेरो येणार नाही.

आणि दंड ही यातली लहान बाब आहे. विमा आरसीवरच्या गाडीचा असतो. आरसीवर चार दारांची पद्मिनी आणि रस्त्यावर उघडी दोन सीटची गाडी, अशा गाडीने आरेच्या वळणावर कुणाला धक्का दिला, तर कंपनी हात वर करील आणि त्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या घरावर येईल. मी मुलांना हे आवर्जून सांगतो, कारण हौस आपली असते, रस्ता सगळ्यांचा.

मग बांधूच नये का? बांधा. फक्त ती खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवायची गाडी आहे असं पहिल्या दिवशी ठरवा. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, या जागा आहेत. कुठलाही पाइप कापण्याआधी ट्रॅकवाल्यांना विचारा की घरी बांधलेली गाडी ते घेतात का, रोल बार, फायर एक्स्टिंग्विशर, पट्टे कुठल्या दर्जाचे मागतात. उत्तर लेखी घ्या आणि त्याप्रमाणे सांगाडा आखा. गाडी तिथवर न्यायची ती ट्रकवर चढवून, एक किलोमीटरही स्वतः चालवत नाही. इंजिनिअरिंगला असाल तर याहून चांगली वाट म्हणजे बाहा किंवा फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेचा कॉलेजचा संघ. तिथे तपासणी कडक असते, शिकायला मिळतं आणि पासिंगचा प्रश्नच येत नाही. माझी गाडी आता एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आहे. मुलं ती खोलतात, मोजतात, पुन्हा जोडतात.

आता कामाचं बोलतो. तयार सांगाडा घेतलात तर पैसे देण्याआधी तो सपाट प्लेटवर ठेवून मोजा. चार कोपऱ्यांतून ओळंबा सोडा, खाली खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. माझ्या सांगाड्याच्या कर्णांत बोटभर फरक निघाला. डोळ्यांना तो सरळ दिसत होता. असा सांगाडा रंगवून, इंजिन बसवून मग कळला तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते. मी तो पूर्ण कापून नव्याने केला. नळी साधारण २५ मिलिमीटर चौकोनी, १.६ मिलिमीटर जाडीची असते. एवढ्या पातळ नळीला रॉडच्या वेल्डिंगने भोकं पडतात, तेव्हा सीओटूवालाच गाठा. आधी सगळीकडे फक्त टॅक मारून घ्या, पुन्हा कर्ण मोजा, मग एक सांधा डावीकडे, एक उजवीकडे असं फिरत पक्कं करा. एकाच कोपऱ्यात बसून वेल्डिंग संपवणारा मिस्त्री कितीही झटपट असला तरी नको, कारण ताप एकवटला की नळ्या ओढल्या जातात.

फायबरचं काम पावसाळ्यात काढू नका. जुलैत आमच्या गाळ्याच्या भिंतींना घाम फुटतो, मॅट ओल धरते आणि रेझिन सुकल्यावर आत पांढुरके डाग दिसतात. तिथे थर एकमेकांना धरत नाहीत, पुढे तडे पडतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. आणि हे प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण मिसळायचं, मग वापरायच्या वेळी हार्डनर, शेकडा एक ते दोन भाग. दोन्ही सरळ एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. एका कारागिराला मी पाहिलंय, तो दोन्ही बाटल्या एकाच मोरीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवायचा. मी त्या दिवशी काम थांबवलं आणि बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवायला लावल्या.

ब्रेकचा भाग सगळ्यांत कमी लोक गांभीर्याने घेतात. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपासची, तुमची गाडी कदाचित सहाशे. इंजिन मागे सरकलं, बसणारे मागे सरकले, वजनाचा तोल पार बदलला. डोनरचे ब्रेक आणि पाटे मूळ वजनासाठी होते. पाटे तेच ठेवले तर मागचा भाग खड्ड्यावर उडतो, पानं कमी करून बघावी लागतात. रिकाम्या मैदानात अगदी कमी वेगात ब्रेक दाबून बाहेर उभ्या माणसाला पाहायला सांगा, आधी कुठली चाकं जाम होतात. मागची आधी जाम झाली तर गाडी गिरकी घेते. ते दुरुस्त झाल्याशिवाय वेग वाढवू नका. ब्रेकचं सर्किट दुहेरीच हवं. एकेरी असेल तर एक नळी फुटली की चारही चाकं गेली. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट नुसत्या नळीला भोक पाडून बसवू नका, आतून जाड प्लेट वेल्ड करून तिच्यातून घ्या.

पैशाचं थोडक्यात. किट विकणाऱ्याकडून पावतीवर सांगाडा, त्याची मापं, नळीची जाडी आणि ‘नोंदणीसाठी नाही’ हे शब्द लिहून घ्या. जो लिहायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका. डोनर कापणार असाल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून तिची नोंदणी रद्द करा. नाहीतर ती गाडी कागदावर जिवंत राहते आणि तिच्या नंबरावर कुणी काय करील सांगता येत नाही.

आणि डोनर निवडताना एक विनंती. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून पद्मिनी येणं कधीच थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. चांगली पद्मिनी आता कापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अपघातात खोकं वाकलेली किंवा माझ्या गाडीसारखी तळ कुजलेली असेल तरच ग्राइंडर लावा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेजचा दर्जा दिला आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर नव्याने नोंदवलेल्या गाडीला मिळतो आणि नोंदणी दहा वर्षं चालते. रोज ऑफिसला नेता येत नाही, पण रॅली आणि प्रदर्शनांना हक्काने जाता येतं. अट एकच महत्त्वाची, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. तेव्हा आजोबांच्या गाडीचं बॉनेट उघडा, चासी नंबरावरची धूळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उठलेला नंबर व आरसीवरचं उत्पादन वर्ष घेऊन या. मग बसून बघू, कापायची की जपायची.