मोपा की दाबोळी?

आईच्या डोळ्यांसाठी मुंबईच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती, संध्याकाळी सहाची. आम्ही बांद्याचे. मोपा विमानतळ आम्हाला अर्ध्या तासावर. गोव्याहून दुपारी २.५०चं तिकीट मीच काढलं आणि पाऊण वाजता आईला घेऊन मोपाच्या दारात उभा राहिलो. तिकीट पाहून जवान म्हणाला, ‘हे दाबोळीचं आहे.’

आई माझ्याकडे बघत राहिली. ‘आता काय करूचा?’ तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमचाच गाडीवाला अजून बाहेर होता. त्याला थांबवलं आणि निघालो. सरळ रेषेत बघितलं तर दोन विमानतळांत ४० किलोमीटरच आहेत, पण रस्त्याने ६०च्या वर भरतात. मध्ये तीन नद्या आहेत. कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी, कुठ्ठाळीला झुवारी. तिन्हींवर आता मोठे पूल झालेत. गाडी अडते ती त्यांच्या अलीकडे-पलीकडे. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामापाशी आमची वीस मिनिटं गेली. अटल सेतूवर चढलो तेव्हा पावणेदोन वाजत आले होते. सामान घेणारी खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी, म्हणजे १.५०लाच बंद होणार होती. अडीचला दाबोळीला पोचलो. विमान समोर उभं होतं, पण आम्हाला आत घेतलं नाही, आणि नियमाने ते बरोबरच होतं. रात्रीची नवी तिकिटं काढावी लागली. पैशाचं काही नाही, पण डॉक्टरांची वेळ हुकली आणि पुढची बारा दिवसांनी मिळाली. तोवर आई एका डोळ्यावर दिवस काढत होती.

मोपा ५ जानेवारी २०२३ला सुरू झालं. त्याआधी गोव्याचा विमानतळ म्हणजे दाबोळी, नौदलाच्या तळावरचा, एवढंच डोक्यात बसलेलं. आता तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून चालत नाही. शेजारची तीन अक्षरं बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. जीओआय वाचलं की सगळा गोवा आला असं वाटतं, माझी चूक तिथेच झाली. तिकीट शोधताना दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात आणि स्वस्तातलं विमान कुठल्या विमानतळाचं आहे ते आपण बघतच नाही. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गच्या माणसाला दाबोळीचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त पडलं तरी गाडीभाड्यात ते निघून जातं.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं असेल तर मी मध्ये पाच तास ठेवायला सांगेन. दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असली की पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही, आणि सामानही आपणच उचलून न्यायचं असतं. कदंबाची सरकारी बस मोपाहून पणजीला आणि मडगावला जाते. हाताशी वेळ असेल तर ती चांगली, घाईत तिच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणखी तासभर धरा.

आता चतुर्थीला मुंबई-पुण्याची माणसं येतील. ‘गोव्याला उतरतोय’ एवढ्या निरोपावर गाडी काढू नका. तिकिटाचा फोटो मागवा आणि ती तीन अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.