खोली मधली, खिडकी मोकळी

पोरी, काल फोनवर तू विचारलंस की दादा-वहिनींच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बोटीवर स्वीट घेऊ की साधी केबिन. घरात पाहुणे होते, म्हणून ‘सांगते नंतर’ म्हणून फोन ठेवला. आता दुपार आहे, जठारपेठेत सामसूम आहे, तेव्हा सविस्तर लिहिते. तुझ्या एजंटाने ‘आयुष्यात एकदाच जाणार, मग मोठीच खोली घ्या’ असं सांगितलं म्हणालीस. एकदाच जाणार आहेत हे खरं. म्हणूनच खोली त्यांच्याकडे पाहून घ्यायची, दरपत्रकाकडे पाहून नाही.

दादा आणि मी दर्यापूरकडचे. तालुक्याच्या नावात दर्या आहे, पण समुद्र तिथून पाचशे-साडेपाचशे किलोमीटर लांब. आमच्या विहिरीचं पाणी मात्र खारं होतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला खारं पाणी नवं नाही, त्याला समुद्र नवा आहे. दादाने तो एकदाच पाहिलाय, गिरगाव चौपाटीवर उभं राहून, तासभर. वहिनीने तोही नाही. अशा माणसांना बोटीवर काय हवं? मला विचारशील तर खिडकी. सोफा घरी आहे.

आधी नावं समजून घे, कारण एजंट भराभर बोलतात. ‘स्वीट’ला आपल्याकडे बरेच जण सूट म्हणतात आणि त्यावरून किंमत कमी झाल्याचा गैरसमजही होतो. स्वीट म्हणजे बसायला वेगळी जागा असलेली मोठी खोली, बहुधा बाल्कनीसह. त्याखाली मिनी स्वीट. इथे जपून राहा. काही बोटींवर मिनी स्वीट म्हणजे थोडी लांबट खोली, एवढंच. बाल्कनी आहे की नाही ते तोंडी नको, लेखी विचार. मग बाल्कनीची केबिन, मग समुद्र दिसणारी खिडकीची केबिन. ही खिडकी उघडत नाही, जाड काच बसवलेली असते. सगळ्यात स्वस्त आतली केबिन, तिला खिडकीच नसते.

मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ जाते. ती बोट १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरला बांधली, तेव्हा तिचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी ती आखली गेली आणि तो बाल्कन्यांचा जमानाही नव्हता. म्हणून तिच्या साध्या खोल्या लहान. दोन पलंग, मधे एक माणूस चालेल एवढी वाट, कपाट आणि एका माणसापुरतं न्हाणीघर. हल्लीच्या बोटींची गोष्ट वेगळी. २०२४ साली निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ एम्प्रेसच्या पाचपट आकारमानाची आहे. तिच्यावर तीन मजली घरासारखा स्वीट आहे आणि त्यात पोरांसाठी घसरगुंडीसुद्धा. इंटरनेटवर जे फोटो पाहून तुम्ही बहीणभाऊ हरखलात, ते बहुतेक अशा बोटींचे असतात. ज्या बोटीचं तिकीट काढायचं, तिचाच फोटो पाहा. त्या बोटीवरच्या त्याच प्रकारच्या खोलीचा.

आता हिशेब कर. दोन रात्रींच्या सफरीत दुपारी चढायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. मोजून चाळीसेक तास. त्यातले चौदा-पंधरा झोपेत जातील. जेवणं वरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी कार्यक्रम, गोव्यात उतरलात तर अर्धा दिवस तिकडे. खोलीत जागेपणी बसायला उरतात पाच-सहा तास. आता स्वीटचा आणि खिडकीच्या खोलीचा भाव शेजारी मांड आणि फरकाला त्या तासांनी भाग. येणारा आकडा दादाला सांगून पाहा. ज्याने चाळीस वर्षं कपाशीच्या भावात दहा-दहा रुपयांसाठी अडत्याशी घासाघीस केली, तो त्या सोफ्यावर सुखाने बसेल का?

सफर लांबली की हाच हिशेब उलटतो. लक्षद्वीपकडची चार-पाच रात्रींची सफर घे, नाहीतर उद्या तुझा भाऊ त्यांना अमेरिकेहून अलास्काला नेईल. तिथे अख्खे दिवस समुद्रातच जातात, बाहेर गारठा असतो, माणूस खोलीत बसतो. तेव्हा बाल्कनीला आणि मोठ्या खोलीला खरा अर्थ येतो. म्हणून आधी रात्री किती आणि निव्वळ समुद्रातले दिवस किती ते मोजायचं, भाव त्यानंतर पाहायचा.

खोली कुठे आहे, हे खोली केवढी आहे यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि हे एजंट आपण होऊन सांगत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना वहिनीला घाटात गाडी लागते, तुला माहीत आहे. तिला आपण एसटीत मागच्या बाकावर कधी बसवतो का? मधल्या बाकावर बसवतो, दोन चाकांच्या मधे. बोटीचंही तसंच. लाटेवर बोटीचं पुढचं आणि मागचं टोक वरखाली होतं, मधला भाग कमी हलतो. आणि वर जावं तसा डाव्या-उजव्या अंगाचा झोका वाढतो. वाऱ्यात ज्वारीचं ताट पाहा, कणीस केवढं डोलतं आणि बुडखा जागचा हलत नाही. स्वीट बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात, काही अगदी टोकाला. ज्याला बोट लागते त्याने जास्त पैसे देऊन कणसात झोपायला जाऊ नये. बोटीच्या मधोमध, खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची खिडकी, ही वहिनीची खोली. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर घे. ती बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आलेपाक मी करून पाठवते.

त्यानंतर डेकचा नकाशा मागव. बोटीच्या नावाने तो मिळतोच. आपल्या खोलीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते पाहायचं. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वरखाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर उत्तम. लिफ्टला अगदी लागून नको, वर्दळ असते. पण फार लांबही नको, दादाचा गुडघा पाहता. त्या गल्ल्या लांब असतात आणि सगळ्या सारख्या दिसतात. अगदी पुढच्या टोकाच्या खोल्यांना बंदरात शिरताना पहाटे यंत्रांचा थरथराट होतो, नांगराची साखळी सुटली तर तिचाही आवाज येतो.

मी हे शिकले ते आमच्या मोठ्या जाऊबाईंना घेऊन गेले तेव्हा. ‘समुद्र दिसणारी खोली’ म्हणून तिकीट घेतलं, भाव थोडा कमी होता, मी खूश. खोलीत गेलो, पडदा सारला, तर समोर नारिंगी भिंत. संकटकाळी सोडायची होडी बरोबर आमच्या खिडकीपुढे टांगलेली. जाऊबाई काचेला कपाळ लावून, मान वाकडी करून पाहत होत्या. मला म्हणाल्या, ‘समुद्र कुठी हाये वं?’ त्या पुढच्या वर्षी गेल्या. तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. तिकिटावर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असे शब्द होते, मी अर्थ विचारला नव्हता. तू विचार. आणि ‘गॅरंटी’ शब्द दिसला तर थांब. त्याचा अर्थ खोलीचा प्रकार पक्का, खोलीचा नंबर मात्र कंपनी मागाहून ठरवणार. तरुण जोडप्याने तसं तिकीट घेऊन पैसे वाचवावेत. आपल्याला नंबर आधी हवा.

आतल्या केबिनीला मी नावं ठेवणार नाही. तुम्ही बहीणभाऊ, पोरं, दिवसभर वर हुंदडणार, रात्री पडायला येणार, तुम्हाला ती पुरे. झोप फार गाढ लागते. पण दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख होतो, सकाळ झाली की नाही तेही कळत नाही. दादा रात्री दोनदा उठतो. नव्या जागी, हलत्या खोलीत, त्या काळोखात त्याला दार सापडायचं नाही. शिवाय न्हाणीघराला बोटभर का होईना उंबरठा असतो. त्यांच्या खोलीत न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार थोडं किलकिलं ठेवायला सांग, किंवा बॅटरीवरचा छोटा दिवा ने.

उंबरठ्यावरून आठवलं. चाकाची खुर्ची लागणारं माणूस बरोबर असेल तर लोक घाईने स्वीट घेतात. मोठी खोली, म्हणजे सोय. पण दिवाणखाना मोठा असला तरी न्हाणीघराचा उंबरठा तोच असू शकतो. त्यांच्यासाठी रुंद दाराच्या, उंबरठा नसलेल्या, हाताला धरायला दांडे बसवलेल्या खोल्या वेगळ्या असतात. त्या थोड्याच असतात आणि लवकर भरतात. तुझ्या सासूबाई येणार असतील तर पहिली चौकशी त्या खोलीची.

मग स्वीट कुणी घ्यावा? तुझ्या मावसबहिणीने घ्यावा, तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे. बाळ दुपारी दोन तास झोपतं, आणि साध्या खोलीत आईला दिवा मालवून त्याच्या उशाशी बसून राहावं लागतं. बाल्कनी किंवा वेगळी बसायची जागा असेल तर ते दोन तास तिचे होतात. किंवा ज्याला गर्दी सोसत नाही, त्याने. काही परदेशी कंपन्या स्वीटवाल्यांना बोटीतच वेगळं जेवणघर आणि वेगळा तलाव देतात. ‘एमएससी फँटेसिया’वर २००८ साली ‘यॉट क्लब’ नावाने असा वेगळा भाग केला, तेव्हापासून इतरांकडेही तसं दिसतं. तिथे तुम्ही पैसे देता ते शांततेचे. तुझ्या बोटीवर स्वीटबरोबर नेमकं काय मिळतं त्याची यादी मागव. चढताना रांग वेगळी एवढंच असेल तर ते वीस मिनिटांचं सुख आहे.

तुम्ही सहा जण आहात. एजंटाने म्हणे एका स्वीटमध्ये चौघे सुचवलेत, दोघे सोफ्यावर. त्याला हो म्हणू नकोस. त्या भावात बऱ्याचदा दोन साध्या खोल्या बसतात. दोन खोल्या म्हणजे दोन न्हाणीघरं, आणि सकाळी सात वाजता न्हाणीघराइतकी मोलाची वस्तू बोटीवर दुसरी नाही. मधे दार असलेल्या जोडखोल्या मिळतात का विचार. साध्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या माणसाला भिंतीतून खाली येणारी वरची बर्थ असते, शिडीने चढायची. ती पोरांना. वहिनीला तिथे पाठवू नका, ती ‘मी चढते बापा’ म्हणेल तरी. आणि दोघांचा पलंग जोडलेला हवा की वेगळा, तेही आधीच सांगून ठेव.

लोक काय म्हणतील हा विचार तुझ्या मनात आहे, मला तुझ्या आवाजात ऐकू आला. ‘पन्नासाव्या वाढदिवसाला साधी खोली?’ शेगावला भक्तनिवासात आपण साधी खोली घेतो, तेव्हा कुणाला कमीपणा वाटतो का? जायचं दर्शनाला असतं. १९८१ साली तुझे काका आणि मी भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण शक्ती’ने पणजीला गेलो होतो, डेकच्या तिकिटावर. सतरंजी टाकून जागा धरली होती. वर आभाळ, अंगावर खारा वारा, शेजारी गावाकडे निघालेली कोकणातली माणसं, त्यांनी आम्हाला त्यांच्या डब्यातल्या भाकरी दिल्या. केबिनवाले रात्रभर दार लावून झोपले. तो समुद्र माझ्या अजून अंगावर आहे. बोटीचा सगळ्यात सुंदर भाग डेक असतो आणि तिथे स्वीटवाला आणि आतल्या खोलीवाला एकाच कठड्याला टेकतो.

म्हणून बोट सुटण्याच्या वेळी खोलीत सामान लावत बसू नका. दोघांना वर न्या, उजव्या अंगाच्या कठड्याला. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे बाहेर पडताना गेटवे, ताज, कुलाबा उजवीकडे दिसतात, त्यांच्या पाठीमागे सूर्य. पुढे गोव्याच्या वाटेवरही मावळतीची बाजू उजवीच, डावीकडे कोकणचा किनारा, बोट फार आत नसेल तर रात्री त्याचे दिवे. परतताना सगळं उलट. खोली कोणत्या अंगाची घ्यायची ते यावरून ठरव. मी उजवी घेईन.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं तेही सांगते. अमरावती एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला पोचते, आणि बोट सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने जवळ आहे. तरी त्याच दिवशीच्या बोटीचा भरवसा धरू नका. गाडी चार तास रखडली तर बोट थांबत नाही. एक दिवस आधी निघा, मुंबईत चांगल्या ठिकाणी मुक्काम करा, दादाला नीट झोपू दे. गाडीचं तिकीट टू टिअरचं काढ, दोघांना खालच्या बर्थ मिळतील असं पाहा. आणि जून ते सप्टेंबर सोडून जा. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर-जानेवारी चांगले.

डेकचा नकाशा आला की मला फोनवर पाठव. मोठा करून पाहीन आणि चालतील त्या खोल्यांचे नंबर लिहून कळवीन. त्यातला पहिला नंबर मिळाला नाही तर दुसरा घे, पण मधल्या भागातला. आणि खिडकीसमोर होडी नाही, हे एजंटाकडून लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नकोस.