पावणेसात हजार किलोमीटर

लेक टोकियोला राहायला गेली त्याला आठ वर्षं झाली. एवढ्यात माझ्या डोंबिवलीहून पाच खेपा झाल्या. ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१. तास मोजायचे ते दारापासून दारापर्यंत. मुंबई ते नारिता विमानतळ हे सरळ अंतर साधारण पावणेसात हजार किलोमीटर, थेट विमानाला आठ-साडेआठ तास. पण घरातून निघून विमानतळ गाठायचा, तिथे तीन तास आधी पोचायचं, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. शिवाय नारिता टोकियोपासून साठेक किलोमीटर लांब. मी सोळा तास धरते. हानेदाला उतरणारं विमान मिळालं तर घ्यावं, तो विमानतळ शहरातच आहे.

२. येताना वेळ जास्त लागतो. पहिल्या खेपेला मी घरी सांगून ठेवलं होतं, आठ तासांत येते. लागले जवळजवळ दहा. घरचे काळजीने अर्धे झाले होते. लेकीने मग समजावलं, "आई, वर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोर." हाच तो जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो तिथल्याच एका माणसाने मोजला होता. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची नोंद केली, आणि जगाला कळावं म्हणून १९२६ साली अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. जगाने तो वाचलाच नाही. १९४४मध्ये टोकियोवर आलेली अमेरिकन विमानं त्या वाऱ्यात सापडली, तेव्हा लक्षात आलं. ओइशींचं मला फार वाईट वाटतं. आता जानेवारीत परतायचं असेल तर मी घरी दहा तासच सांगते.

३. भिंतीवरच्या नकाशावर विसंबू नये. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते टोकियो दोरा ताणून पाहा. तो बिहारवरून पूर्व हिमालय आणि तिबेटच्या कडेने वर चढतो. जवळची वाट तीच, पण विमानं सहसा त्या उंच डोंगरांना वळसा घालतात. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर सगळ्यांना श्वास घेता यावा म्हणून विमान तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावं लागतं, आणि तिथे तर जमीनच त्याहून उंच. हे कळल्यापासून वळशाचा कंटाळा येत नाही.

४. घड्याळ साडेतीन तास पुढे. आमच्या दिवेलागणीला, सात वाजता, तिकडे रात्रीचे साडेदहा. फोन दुपारीच करावा.

५. मध्ये थांबणारं विमान स्वस्त असतं, पण घाई असेल तेव्हा पैसे बघू नयेत, हे मी म्हणेन. अर्थात पैसे असूनही कधी जागाच नसते. लेकीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, त्या रात्री थेट विमान भरलेलं होतं. बँकॉकमार्गे निघाले. तिथे पुढच्या विमानाची वाट बघत बसले असताना जावयांचा फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा नातू अकरा तासांचा झाला होता.